टेक्ससच्या किनाऱ्यावरील ताडांची शुश्रूषा

उत्तर अमेरिकेच्या नकाशांत मेक्सिकोच्या आखाताच्या वायव्य किनाऱ्याला लागून गॅल्व्हेस्टन नांवाचें एक चिंचोळें बेट दिसतें. तें लांबीला सुमारें २७ मैल असून रुंदीला कोठेंही ३ मैलांपेक्षां फारसें अधिक नाहीं. टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन हें मोठें शहर येथून सुमारें ५० मैलांवर आहे. ह्यूस्टनहून मोटारीनें निघून पुलावरून बेटावर उतरलें, कीं गांवाच्या मध्यांतून जाणारा ब्रॉडवे नांवाचा प्रशस्त रस्ता लागतो. त्याच्या कडेनें व मधल्या पट्ट्यांत ओक, कण्हेर आणि ताड उभे आहेत. समुद्राचा खारट वारा, पांढरी वाळू आणि आकाशांत सळसळणारीं तीं पानें पाहून कोंकणांतून आलेल्या माणसास क्षणभर हर्णै-मुरूडची आठवण व्हावी, असा तो देखावा आहे.

परंतु जवळ गेलें म्हणजे कळतें कीं, हे माड नव्हेत. नारळाच्या झाडास येथील हिंवाळा सोसत नाहीं. येथें आहेत ते ताडवर्गांतील निराळे वृक्ष: मेक्सिकोकडील उंच, सडसडीत, पंख्यासारख्या पानांचा वॉशिंग्टनिया, दक्षिण अमेरिकेंतून आणलेला 'क्वीन पाम' म्हणजे राणीताड, कॅनरी बेटांतील जाडजूड खजूर, आणि याच भूमीचा लेक असलेला साबाल. सोयीसाठीं या सर्वांस या लेखांत ताड असेंच म्हटलें आहे.

या बेटावर सावली देणारें बहुतेक प्रत्येक झाड मनुष्यानें मुद्दाम लावून वाढविलेलें आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजीं झालेल्या वादळांत समुद्र गांवांत शिरला आणि सहा हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. अमेरिकेच्या इतिहासांत कोणत्याही नैसर्गिक आपत्तींत एवढी मनुष्यहानि झालेली नाहीं. त्यानंतर लोकांनीं समुद्राच्या अंगाला भिंत बांधली व गांवाची जमीनच गाळवाळूच्या भरावानें उंच केली. त्या खाऱ्या भरावाखालीं जुनीं झाडें मेलीं. तेव्हां गांवांतील स्त्रियांनीं काढलेल्या 'विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशन' या संस्थेनें झाडें लावण्याचें काम अंगावर घेतलें, आणि उजाड वाळूवर पुन्हां कण्हेरी फुलल्या व ताड उभे राहिले. कण्हेरीचें पहिलें रोप जोसेफ ऑस्टरमन नांवाच्या व्यापाऱ्यानें १८४१ सालीं जमेकाहून आणलें होतें. आज गॅल्व्हेस्टनला 'कण्हेरीचें गांव' असेंच म्हणतात. पुढें सप्टेंबर २००८ मधील 'आइक' वादळांत खारें पाणी पुन्हां गांवभर पसरलें व हजारों झाडें उभ्या जागीं वाळलीं. लोकांनीं तिसऱ्यांदा लावणी केली. म्हणून दारांतला एखादा ताड जगतो कीं मरतो, हा प्रश्न येथील गृहस्थास केवळ शोभेचा वाटत नाहीं.

खारें पाणी हा या झाडांचा समुद्राकडून येणारा वैरी. दुसरा वैरी उत्तरेकडून येतो. गॅल्व्हेस्टन आणि आपलें पानिपत हीं जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस २९ अंशांच्या थोडीं पुढें आहेत. पानिपताच्या मैदानावरही पौषांत अंग काकडून टाकणारी थंडी पडते. तथापि आपल्या उत्तरेस हिमालयाचा तट असल्यामुळें मध्य आशियांतील हिमवारा सरळ खालीं उतरूं शकत नाहीं. अमेरिकेंतील मोठे पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेले आहेत. ध्रुवप्रदेशाकडील थंड हवा कॅनडांतून एकदां सुटली, कीं आखाताच्या पाण्यापर्यंत तिला आडवा येणारा एकही डोंगर नाहीं. या वाऱ्यास टेक्ससमध्यें 'नॉर्दर' म्हणतात. तो आला म्हणजे सकाळीं सदऱ्यावर फिरणाऱ्या माणसास सायंकाळीं लोंकरीचा कोट शोधावा लागतो. फेब्रुवारी १८९९ मध्यें गॅल्व्हेस्टनचा पारा फॅरेनहाइटच्या ८ अंशांपर्यंत उतरला होता. पाणी ३२ अंशांवर गोठतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या गारठ्याची कल्पना येईल. १९८३ च्या व १९८९ च्या डिसेंबरांतही असेच कडक प्रसंग आले.

१९८९ नंतर तीस वर्षांहून अधिक काळ तेवढी थंडी पडली नाहीं, आणि माणसें विसरलीं. मध्यंतरीं ह्यूस्टनभोंवतीं नवीं उपनगरें वसलीं, आणि लवकर वाढणारा, दिसण्यांत डौलदार, परंतु थंडीला कच्चा असा राणीताड दारोदारीं लागला. मग २०२१ सालच्या फेब्रुवारीच्या मध्यास 'नॉर्दर' आला. १६ फेब्रुवारीस ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा १३ अंशांवर, म्हणजे सेंटिग्रेडच्या मापानें शून्याच्या खालीं १० अंशांहूनही अधिक उतरला. वायूच्या विहिरी व विजेचीं केंद्रें गारठून बंद पडलीं, चाळीस लाखांहून अधिक घरें अंधारांत राहिलीं, नळ फुटले, आणि टेक्ससच्या आरोग्यखात्याच्या मोजणीप्रमाणें २४६ माणसें दगावलीं. अशा वेळीं झाडांकडे पाहण्यास कोणास उसंत असणार? लोकांनीं घरांतील सतरंज्या व रजया माणसांना पांघरल्या, आणि अंगणांतील ताड उघड्यावरच राहिले.

हिम वितळल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पहिले एकदोन दिवस झावळ्या हिरव्याच होत्या. मग त्यांवर भाजीच्या उकडलेल्या पानासारखी कळा आली, नंतर त्या गवती रंगाच्या झाल्या, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रस्तेच्या रस्ते तपकिरी झावळ्यांनीं भरून गेले. झाडें तोडणाऱ्या कामकऱ्यांना दिवस पुरेना. कृषिविस्तार खात्याचे सल्लागार मात्र एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगत होते: घाई करूं नका.

या सांगण्यामागें ताडाच्या शरीररचनेचें एक मर्म आहे. आंबा, फणस, ओक अशा झाडांच्या सालीखालीं वाढीचा एक सजीव थर असतो. त्याच्या बळावर जखम भरून येते, फांदी तोडली तर बगलेंतून दुसरी फुटते. ताडाच्या खोडांत असा थर नाहीं, आणि त्याला फांद्याही नाहींत. त्याची सारी वाढ शेंड्याच्या गाभ्यांत, झावळ्यांच्या बुडांमध्यें गुंडाळून ठेवलेल्या एकाच कोंबांतून होते. आंबा छाटला तर तो फुटतो. माडाचा शेंडा छाटला तर माड संपतो, हें कोंकणांतील लहान मुलासही माहीत असतें. यावरून दोन गोष्टी निघतात. कोंब मेला, तर बाकी सारें झाड धडधाकट असूनही व्यर्थ. आणि कोंब जिवंत असेल, तर सारीं पानें गेलीं तरी झाड गेलें असें म्हणतां येत नाहीं. पानें बाहेर असतात, त्यांना थंडी प्रथम लागते. कोंब खोल असतो, त्याच्याभोंवतीं पानांच्या बुडांचीं अनेक वेष्टनें असतात. म्हणून पानांवरून दिलेला निकाल पुष्कळदां चुकीचा ठरतो.

२०२३ च्या मे महिन्यांत ह्यूस्टनच्या एका उपनगरांत ज्या मराठी कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता, त्यांच्या फाटकाशीं वॉशिंग्टनियाचें एकच झाड उभें होतें. दुसऱ्या बाजूस त्याच्या जोडीची रिकामी जागा होती. यजमान मूळचे गुहागरकडचे. गारठ्याच्या वर्षीं त्यांचे वडील महासाथीमुळें मुलाकडेच अडकून पडले होते. मार्चच्या आरंभीं घरांत झालेला संवाद सूनबाईंनीं आम्हांस हुबेहूब सांगितला.

"बाबा, उद्यां माणसें बोलावलीं आहेत. दोन्ही झाडें काढून टाकूं," चिरंजीव म्हणाले.

"कोंब पाहिलास का?"

"पानें पाहिलीं ना! एक हिरवें उरलेलें नाहीं."

"पानांचें काय घेऊन बसलास? गेल्या जूनच्या वादळांत दापोलीकडे झावळ्या झडलेले माड थोडे का होते? ते सगळे लोकांनीं तोडले का? शिडी आण."

झाडें दहा-अकरा फुटांचींच होतीं. सूनबाईंनीं शिडी धरली, चिरंजीव वर चढले, आणि वडिलांनीं खालून सांगितल्याप्रमाणें त्यांनीं शेंड्याच्या मध्यावरचें, अजून न उलगडलेलें भाल्यासारखें पान दोन बोटांनीं धरून हलकेच ओढून पाहिलें. पहिल्या झाडाचें तें पान जागचें हललें नाहीं. दुसऱ्याचें ओल्या कागदाच्या सुरळीसारखें अलगद हातांत आलें, आणि नासलेल्या शहाळ्यासारखी घाण सुटली. "हें तर मेलेंच," असें चिरंजीव म्हणाले. "कुजलें आहे, मेलें कीं काय तें ज्येष्ठांत पाहूं," असें वडिलांनीं उत्तर दिलें, आणि कामकऱ्यांना येऊं नका म्हणून निरोप गेला.

पुढें त्यांनीं जी शुश्रूषा केली ती थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण तेथील तज्ज्ञांचा सल्लाही तोच आहे. प्रथम, ज्या झावळींत थोडासा जरी हिरवेपणा उरला असेल ती कापावयाची नाहीं. तेवढ्या हिरव्या भागावरच झाडाला अन्न तयार करावयाचें असतें, आणि वाळलेल्या झावळ्याही पुन्हां गारठा आला तर कोंबावर पांघरूण होतात. म्हणून थंडीची भीति टळेपर्यंत, म्हणजे ह्यूस्टनकडे साधारण मार्चच्या मध्यापर्यंत, कोयता बाजूस ठेवावा. दुसरें, गोठलेल्या कोंबाचा खरा शत्रु थंडी गेल्यावर येतो. गोठून फुटलेल्या मऊ भागांत बुरशी व सूक्ष्म जंतु शिरतात, आणि थंडीनें जें अर्धें मारलें तें कूज पुरें करते. यासाठीं शेंड्यांतील नासका भाग हातानें काढून टाकावा, आंत पाणी सांचूं देऊं नये, आणि तांब्याचें बुरशीनाशक औषध कोंबाच्या गाभ्यांत ओतावें. आठदहा दिवसांनीं तें पुन्हां एकदां द्यावें. त्यापुढें वारंवार देऊं नये, कारण तांबें सांचून तेंच कोंबास बाधक होतें. तिसरें, पाणी बुंध्याशीं द्यावें, शेंड्यावर कधींही नाहीं. चौथें, आजारी माणसास ज्याप्रमाणें पक्वान्न वाढूं नये, त्याप्रमाणें थंडींत गारठलेल्या झाडास खत घालूं नये. हवा तापून नवें पान दिसूं लागलें, म्हणजे हळूं हळूं विरघळणारें खत द्यावें. त्यांत नत्राहून पालाश अधिक असावें, आणि मॅग्नेशियम व मँगनीज हींही असावींत. फ्लॉरिडा विद्यापीठानें ताडांसाठीं ८-२-१२-४ हें प्रमाण सुचविलें आहे. हे आंकडे अनुक्रमें नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम यांचे आहेत.

कूज खोलवर गेली असेल तर आणखी एक धाडसी उपाय आहे. शेंड्याचा मेलेला भाग वरून थोडा थोडा आडवा कापीत, पांढरा व टणक गाभा लागेपर्यंत खालीं जावयाचें, म्हणजे पाणी साठत नाहीं आणि कोंब जिवंत असल्यास त्याला वर येण्यास वाट मिळते. मात्र एक बोट अधिक खालीं गेलें, तर कोंबच कापला जातो. म्हणून हें काम ज्याच्या हाताला सवय आहे त्यानेंच करावें.

हें सारें ऐकतांना आपल्याकडील बागायतदारांची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. कोंकणांत थंडी नाहीं. तेथें पावसाळ्याची ओल असते. परंतु माडाचा कोंब कुजण्याचा रोग तेथेंही आहे. त्यावर आपले लोक काय करतात? कुजका भाग खरवडून काढतात आणि मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण लावतात. हें मिश्रण प्रथम फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत, १८८० नंतरच्या दशकांत, द्राक्षवेलींच्या रोगावर योजण्यांत आलें. त्यांतील मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. फ्रान्सचा द्राक्षमळा, गुहागरची वाडी आणि टेक्ससचें अंगण यांचें औषध अशा रीतीनें एकाच डब्यांतलें निघालें. गुहागरच्या वडिलांना टेक्ससचा हिंवाळा नवा होता, परंतु कोंब नवा नव्हता.

त्या दोन झाडांचें पुढें काय झालें? ज्याचें पान घट्ट होतें त्यानें एप्रिलमध्येंच एक हिरवें पान काढलें. घरांत आनंद झाला. दुसऱ्याचा शेंडा मे संपेपर्यंत बोडकाच होता. जूनच्या मध्यास त्यांतून कात्रीनें कातरल्यासारखें, टोंक नसलेलें, चुरमडलेलें एक पान वर आलें. त्याच्या मागून आलेलें थोडें बरें. चौथें पान पुरें पंख्यासारखें उलगडलें. गोठलेल्या ताडाचीं पहिलीं पानें अशींच विद्रूप येतात, कारण गारठ्याच्या वेळीं तीं कोंबाच्या पोटांत अर्धवट घडलेलीं असतात. त्यांना पाहून निराश होऊं नये. उलट पहिल्या झाडाचें झालें तें कोणाच्याच मनीं नव्हतें. ऑगस्टच्या ऊनांत त्याचा शेंडा एके दिवशीं एका अंगाला कलला, आणि आठ दिवसांत तें झाड गेलें. त्याचा कोंब शाबूत होता, परंतु खोड आंतून मेलें होतें. ताडाच्या खोडांतील पाणी वाहणाऱ्या नलिका जन्मभर त्याच असतात, नव्या येत नाहींत. त्यांपैकीं पुष्कळ थंडीनें फुटल्या असल्या, तरी हवा मऊ असेपर्यंत उरलेल्यांवर झाडाचें भागतें; उन्हाळ्यांत पानें पाणी मागूं लागलीं म्हणजे पुरवठा तुटतो. म्हणूनच तेथील जाणते लोक भर उन्हाळा उलटून जाईपर्यंत जगलें किंवा मेलें यांपैकीं कोणताही शब्द उच्चारीत नाहींत.

याचा अर्थ प्रत्येक तपकिरी ताड वर्षभर राखावा असा मात्र नव्हे. मेलेल्या उंच ताडाचें खोड आंतून कुजत जातें आणि त्याचा जड शेंडा केव्हां तरी खालीं कोसळतो. रस्त्यालगत, छपराजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागीं असें झाड असेल, तर त्या ठिकाणीं माणसाची काळजी आधीं घेतली पाहिजे. अशा झाडाचा कोंब जाणत्याकडून लवकर तपासून घेऊन निर्णय करावा.

त्या वर्षीं कोणते ताड टिकले हेंही पाहण्यासारखें आहे. ह्यूस्टनकडील राणीताड फार मोठ्या संख्येनें मेले. वॉशिंग्टनियापैकीं कांहीं वांचले, कांहीं गेले. एकाच गल्लींत दोन्ही प्रकार पाहावयास मिळत. आपल्या ओढ्याकांठीं वाढणारी, जिच्या पानांची केरसुणी आपण लक्ष्मी म्हणून पूजितों ती शिंदीही येथें शोभेचें झाड म्हणून विकत मिळते. तिचींही पानें करपलीं, परंतु कांहीं झाडांनीं पुन्हां शेंडा धरला. निर्धास्त राहिला तो साबाल. टेक्ससच्या दक्षिण टोंकास, रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं, ब्राउन्सव्हिल गांवाजवळ मेक्सिकन साबालांचें एक स्वाभाविक बन अजून राखून ठेवलेलें आहे. स्पॅनिश दर्यावर्दी आलोन्सो आल्वारेस दे पिनेदा १५१९ सालीं या किनाऱ्यानें गेला, तेव्हां त्यानें एका नदीस 'ताडांची नदी' असें नांव दिलें. ती हीच, असें पुष्कळांचें मत आहे. एके काळीं नदीकांठानें मैलोगणती पसरलेलें तें ताडवन शेतीसाठीं तोडलें गेलें आणि आतां थोडेंसेंच उरलें आहे. तें कमी झालें तें कुऱ्हाडीनें. १८९९ चा गारठा त्यानें पाहिला, १९८९ चा पाहिला आणि २०२१ चाही पाहिला.

यांतून तेथील बागवानांनीं जो धडा घेतला तो असा: दारांत लावावयाचा ताड दिसण्यावरून निवडूं नये, तर पन्नास वर्षांतून एकदां येणाऱ्या रात्रीवरून निवडावा. साबाल सावकाश वाढतो. लावणाऱ्याला त्याचें उंच खोड पाहावयास मिळेलच असें नाहीं, पण नातवंडांना मिळतें. चीनकडून आलेला, खोडावर काथ्यासारखे तंतु असलेला पवनचक्की ताडही थंडीला चिवट आहे. ज्यांना नाजूक जातीच हव्या असतील त्यांनीं त्या भिंतीच्या दक्षिण अंगास लावाव्या, गारठ्याची सूचना मिळतांच बुंध्याशीं पाणी द्यावें, पाचोळ्याचा थर पसरावा, झावळ्या वर एकत्र बांधून कोंबाभोंवतीं जाड कापड गुंडाळावें, आणि ऊन पडतांच तें सोडावें. डिसेंबर २०२२ मध्यें पुन्हां कडक थंडी आली. तेव्हां आमच्या यजमानांनीं उरलेल्या झाडास आपल्या गांवची जुनी घोंगडी गुंडाळली होती.

त्या झाडाच्या खोडाकडे सूनबाईंनीं आमचें लक्ष वेधलें. शेंड्याच्या थोडें खालीं, एक वीतभर जागीं, खोड कमरेशीं आवळल्यासारखें बारीक झालें आहे. त्याच्या वर तें पुन्हां पहिल्याइतकें जाड होत गेलें आहे. गारठ्यानंतरच्या उपासाच्या महिन्यांत जेवढी वाढ झाली तेवढीच ती जागा. ताडाचें खोड मागून जाड होत नसल्यामुळें हा अरुंद पट्टा आतां झाडाच्या आयुष्यभर तसाच राहील, आणि शेंडा दरवर्षीं त्याच्यापासून थोडा थोडा वर जाईल. फेब्रुवारींत ज्यानें त्या झाडास मृत ठरविलें होतें, तेच चिरंजीव आतां दर रविवारीं त्याच्या बुंध्याशीं पाणी घालतात.